संगणक स्मृती व संख्यापद्धती

संगणकाला पुरविलेली माहिती, तीवर करावयाच्या क्रियांच्या आज्ञा आणि त्या क्रियांतून निघालेली फलिते ज्या भागात साठविली जातात व हवी तेव्हा परत मिळविता येतात, त्या भागास संगणकाची स्मृती असे म्हणतात. हे नाव मानवी स्मरणशक्तीवरून पडलेले असले, तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. संगणकाच्या स्मृतीत अर्थ साठविलेला नसतो. दोनपैकी एका अवस्थेत राहू शकणाऱ्या घटकांच्या मर्यादित लांबीच्या रांगा तीत असतात. एखादी रांग संख्या म्हणून वाचावयाची, अक्षर म्हणून की आज्ञा म्हणून, हे आधी ठरविलेल्या संकेतावर अवलंबून असते. यामुळे स्मृतीची रचना आणि संख्या लिहिण्याच्या पद्धती यांचा एकत्रितपणे विचार करावा लागतो. मनुष्य दहाच्या पटीत मोजतो, तर संगणक दोनच्या पटीत. या दोहोंमधील रूपांतर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु ते अपुरे राहिल्यास त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

स्थानमूल्य व पाया : नित्य व्यवहारातील दशमान पद्धतीत ० ते ९ असे दहा अंक असून अंकाची किंमत त्याच्या स्थानावर अवलंबून असते. उदा., ४५ या संख्येतील ४ ची किंमत चार दशक आणि ५ ची किंमत पाच एकक आहे. उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक स्थानाची किंमत दहापट होते, म्हणून १० हा या पद्धतीचा पाया होय. ही पद्धती भारतात विकसित झाली व अरबांमार्फत यूरोपात गेली. ब्रह्मगुप्त यांनी इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात शून्यासंबंधीच्या गणितक्रियांचे नियम दिलेले आहेत. दहा या पायाला गणितीय दृष्ट्या काही विशेष महत्त्व नाही. हाताला दहा बोटे असणे हेच त्याचे संभाव्य कारण मानतात. एकाहून मोठी कोणतीही पूर्णांक संख्या पाया म्हणून घेता येते. पाया जितका, तितकेच निरनिराळे अंक त्या पद्धतीत लागतात.

द्विमान पद्धती : पाया २ घेतल्यास ० व १ हे दोनच अंक पुरतात. स्थानांच्या किंमती उजवीकडून अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जातात. दशमान संख्येचे द्विमान रूप काढण्यासाठी तिला पुनःपुन्हा २ ने भागून बाकी मांडतात व शेवटच्या बाकीपासून पहिल्या बाकीपर्यंत वाचतात. ४५ ला असे भागत गेल्यास बाक्या अनुक्रमे १, ०, १, १, ०, १ अशा येतात आणि १०११०१ हे द्विमान रूप मिळते. त्याचा पडताळा ३२ + ८ + ४ + १ = ४५ असा घेता येतो.

दोन चिन्हांच्या सर्व मांडण्या क्रमवार लिहिण्याची कल्पना प्राचीन आहे. पिंगल यांच्या छंदःशास्त्रात लघू व गुरू या दोन प्रकारच्या अक्षरांपासून होणाऱ्या सर्व रचनांचा प्रस्तार कसा करावा, तसेच दिलेल्या रचनेचा क्रमांक व दिलेल्या क्रमांकाची रचना कशी काढावी, यांच्या रीती आहेत. मराठी वृत्तांच्या अभ्यासकास परिचित असलेले य, म, त, र, ज, भ, न व स हे आठ गण म्हणजे तीन स्थानांवर दोन चिन्हे मांडण्याचे २ × २ × २ = ८ प्रकार होत. मात्र पिंगल यांचा उद्देश छंदांची गणना हा होता. द्विमान अंकांनी बेरीज-गुणाकार करण्याचा नव्हे. द्विमान अंकगणिताचे पद्धतशीर विवेचन जर्मन तत्त्वज्ञ व गणिती जी. डब्ल्यू. लायप्निट्स यांनी पॅरिस येथील विज्ञान अकादमीच्या १७०३ सालच्या वृत्तांतातील निबंधात केले. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले आणि क्लॉड शॅनन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात हे बीजगणित विद्युत् स्विचांच्या मंडलांना लागू पडते, असे दाखविले. उघड्या वा बंद स्विचाने ० वा १ दर्शविता येतो आणि अशा स्विचांच्या जोडणीने गणित करता येते, हे संगणकाच्या रचनेचे मूलतत्त्व त्यातून सिद्ध झाले.

अष्टमान व षोडशमान पद्धती : द्विमान संख्या लांबलचक होतात व वाचताना चूक होण्याचा संभव असतो. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी ० ते ७ पैकी एक अंक लिहितात; ही अष्टमान पद्धती होय. चार-चार अंकांचे गट पाडल्यास पाया १६ असणारी षोडशमान पद्धती मिळते. तीत ० ते ९ हे अंक आणि दहा ते पंधरा यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा रोमन अक्षरे वापरतात. १०११०१ ही संख्या अष्टमानात ५५ व षोडशमानात २डी अशी लिहितात. या दोन्ही पद्धती मनुष्याच्या सोयीसाठी आहेत. यंत्राच्या आतील मांडणी द्विमानच राहते.

द्विअवस्थी घटक : संगणकांनी आरंभापासून द्विमान पद्धतीच वापरली असे नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला व १९४६ मध्ये लोकांसमोर आलेला एनिॲक हा इलेक्ट्रॉनीय संगणक दशमान पद्धतीने चालत असे. त्यात एक दशमान अंक साठविण्यासाठी दहा द्विअवस्थी मंडलांचे एक कडे असे व त्यांपैकी कोणते मंडल चालू आहे यावरून अंक ठरे. दहा अंकी संख्येसाठी अशी शंभर मंडले लागत. तीच संख्या द्विमान पद्धतीने लिहिल्यास ३४ घटक पुरतात. ही काटकसर आणि बेरीज-गुणाकारांच्या नियमांचा सोपेपणा ध्यानात घेऊन जॉन फोन नॉयमान व त्यांचे सहकारी यांनी द्विमान पद्धतीचा पुरस्कार केला व पुढील संगणकांत ती रूढ झाली.

दोन अवस्थांना प्राधान्य मिळण्याचे दुसरे कारण विश्वासार्हतेचे आहे. विद्युत् दाबाचे दहा टप्पे पाडल्यास तापमानातील बदल, बाह्य विद्युत् व्यत्यय किंवा घटकांची झीज यांमुळे एक टप्पा दुसरा म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो; दोनच टप्पे असल्यास त्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवता येते. मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये तयार झालेला सेतुन हा संगणक तीन अवस्थांवर आधारलेला होता व तो यशस्वीपणे चालला. तथापि ती पद्धती रूढ झाली नाही.

स्मृतीचे प्रकार : दोन अवस्था निश्चितपणे धारण करणारी व त्या बदलू देणारी कोणतीही भौतिक रचना स्मृतीसाठी उपयोगी पडू शकते. मँचेस्टर विद्यापीठातील प्रायोगिक संगणकाने २१ जून १९४८ रोजी इलेक्ट्रॉनीय स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखविली. त्याच्या स्मृतीत ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत् भाराच्या ठिपक्यांच्या रूपात ३२ अंकांचे ३२ शब्द, म्हणजे १,०२४ द्विमान अंक साठविले जात. केंब्रिज येथील एडसॅक या संगणकात (१९४९) पाऱ्याच्या नळीतून जाणाऱ्या ध्वनिस्पंदांचा उपयोग केलेला होता. त्यानंतर फेराइटाच्या लहान कड्यांची स्मृती प्रचारात आली. कड्याचे चुंबकीकरण कोणत्या दिशेने आहे त्यावरून ० किंवा १ ठरतो आणि वीजप्रवाह बंद झाला, तरी चुंबकीकरण टिकून राहते. मात्र अशा कड्यातील अंक वाचताना तो पुसला जातो, म्हणून वाचल्यावर पुन्हा लिहावा लागतो.

मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार केलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही फेराइट कड्यांचीच स्मृती होती. तीत ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० अंक मावत. आठ अंकांचा एक बाइट धरल्यास ही क्षमता १०,२४० बाइट होते.

अर्धसंवाहक स्मृतीमुळे हे चित्र पालटले. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत एक ट्रँझिस्टर व एक सूक्ष्म धारित्र मिळून एक द्विमान अंक साठवितात. धारित्रावर विद्युत् भार आहे की नाही यावरून १ वा ० ठरतो. हा भार हळूहळू गळून जातो, म्हणून ठराविक काळाने, सर्वसाधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत, तो वाचून पुन्हा भरावा लागतो. या कारणाने अशा स्मृतीस गतिक स्मृती म्हणतात. वीजपुरवठा खंडित होताच तीतील माहिती नाहीशी होते. १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ११०३ या चिपमध्ये १,०२४ द्विमान अंक मावत. मँचेस्टरच्या यंत्रातील संपूर्ण नलिकेचे काम सिलिकॉनाच्या एका लहानशा तुकड्यात होऊ लागले. स्थितिक स्मृतीत एका अंकासाठी सामान्यतः सहा ट्रँझिस्टर वापरतात. ती अधिक वेगवान पण अधिक महाग असल्याने प्रक्रमकाच्या निकटच्या लहान साठ्यासाठी योजितात. चुंबकीय तबकड्या व फ्लॅश स्मृती यांत वीज नसतानाही माहिती टिकते. फ्लॅश स्मृतीत निरोधकाने वेढलेल्या भागात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. तिच्या काही प्रकारांत भाराचे चार वा आठ टप्पे ओळखून एकाच घटकात अनुक्रमे दोन वा तीन द्विमान अंक साठवितात. अशा वेळी चुका शोधून दुरुस्त करण्याची व्यवस्था अत्यावश्यक ठरते.

बिट, बाइट, शब्द व पत्ता : एका द्विमान अंकास बिट म्हणतात. जॉन टुकी यांनी सुचविलेली ही संज्ञा शॅनन यांच्या १९४८ मधील लेखामुळे प्रसृत झाली. बाइट ही संज्ञा व्हेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये प्रचारात आणली. आरंभी बाइटातील बिटांची संख्या निश्चित नव्हती. आयबीएमच्या १९६४ मधील सिस्टिम ३६० या संगणकमालेनंतर आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला. एका बाइटात २५६ निरनिराळ्या मांडण्या होतात. प्रक्रमक एका वेळी जितक्या बिटांवर क्रिया करतो, त्या गटास शब्द म्हणतात. तो बहुधा १६, ३२ वा ६४ बिटांचा असतो. स्मृतीतील प्रत्येक बाइटाला घराच्या क्रमांकासारखा एक पत्ता असतो व तोही द्विमान संख्याच असते. पत्त्यासाठी १० बिट असल्यास १,०२४, १६ असल्यास ६५,५३६ आणि ३२ असल्यास ४,२९,४९,६७,२९६ जागा दर्शविता येतात. पत्त्यात एक बिट वाढविला की जागा दुप्पट होतात. मुख्य स्मृतीची क्षमता २ च्या घातांशी निगडित का असते, हे यावरून स्पष्ट होते.

मापनातील दुहेरी अर्थ : दशमान पद्धतीत किलो म्हणजे १,०००. २ चा दहावा घात १,०२४ हा त्याच्या अगदी जवळ असल्याने संगणकशास्त्रात त्यालाच किलो म्हणण्याचा प्रघात पडला. लहान स्मृतींच्या काळात हा फरक नगण्य होता. परंतु किलोच्या पातळीवर २·४ टक्के असणारा फरक मेगाच्या पातळीवर ४·९, गिगाच्या पातळीवर ७·४ व टेराच्या पातळीवर सु. १० टक्के होतो. तबकड्यांना पत्त्याच्या बिटांचे वरील बंधन नसल्याने त्यांचे उत्पादक दशमान अर्थ वापरतात. त्यामुळे एक टेराबाइट, म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट, क्षमतेची तबकडी जोडल्यावर काही संगणक तिची क्षमता सु. ९३१ गिगाबाइट दाखवितात. येथे एकही बाइट हरवलेला नसतो; केवळ मोजण्याचे माप बदललेले असते. हा संदेह टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान पटींकरिता किबी, मेबी, गिबी इ. वेगळे उपसर्ग ठरविले. ते प्रमाणभूत असले, तरी सर्वत्र रूढ झालेले नाहीत.

एकाच रांगेचे अनेक अर्थ : १००००१०१ ही आठ बिटांची रांग घेतल्यास साध्या द्विमान पद्धतीने तिची किंमत १३३ आहे. ऋण संख्यांसाठी प्रचलित असलेल्या द्विपूरक पद्धतीत तीच रांग −१२३ दर्शविते. या पद्धतीत एखाद्या संख्येतील प्रत्येक ० च्या जागी १ व १ च्या जागी ० लिहून त्यात १ मिळविला की तिची ऋण संख्या मिळते. त्यामुळे वजाबाकी बेरजेच्याच मंडलाने करता येते. चार-चार बिटांत एकेक दशमान अंक ठेवण्याचा संकेत मानल्यास तीच रांग ८५ होते. लिपीच्या संकेतातही तिला स्थान आहे. युनिकोड या संकेतावलीत देवनागरीच्या मुख्य विभागासाठी १२८ स्थाने असून अ या अक्षराचा षोडशमान क्रमांक ०९०५, म्हणजे दशमान २,३०९ आहे. यूटीएफ-८ या रूपात तो ई०, ए४ व ८५ अशा तीन बाइटांत साठविला जातो. त्यांतील शेवटचा बाइट म्हणजे वरील रांगच होय. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने या रूपात त्याला १५ बाइट लागतात. साठविताना एक व वाचताना दुसरा संकेत वापरला, तर स्मृतीतील एकही बिट न बदलता मजकूर निरर्थक होतो.

मर्यादित लांबीचे परिणाम : कागदावर संख्या लिहिताना जागा अपुरी पडल्यास आणखी एक अंक लिहिता येतो, संगणकाच्या शब्दात बिटांची संख्या ठरलेली असते. द्विपूरक पद्धतीत १६ बिटांत −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच संख्या मावतात. ४ जून १९९६ रोजी यूरोपचा आरिआन-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सु. ३७ सेकंदांनी मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाला. मार्गदर्शक यंत्रणेत ६४ बिटांच्या रूपातील एक राशी १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना ती मावेनाशी झाली, हे त्याचे कारण होते. ही आज्ञावली आधीच्या आरिआन-४ या अग्निबाणातून घेतलेली होती व त्याच्या उड्डाणात ही राशी एवढी मोठी होत नसे.

अपूर्णांकांची अडचण याहून सूक्ष्म आहे. दशमान पद्धतीत एक तृतीयांश पूर्णपणे लिहिता येत नाही, तो ०·३३३... असा अनंत चालतो. द्विमान पद्धतीत हीच गत एक दशांशाची होते; त्याचे रूप ०·०००११००११... असे आवर्ती आहे. मर्यादित बिटांत ते कोठेतरी तोडावेच लागते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला इराकचे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही व २८ सैनिक मृत्युमुखी पडले. या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत असे आणि एक दशांशाचे द्विमान रूप २४ बिटांच्या नोंदकात बसविण्यासाठी तोडलेले असल्याने प्रत्येक दशांशामागे सु. ०·०००००००९५ सेकंदाची चूक होत असे. यंत्रणा सु. १०० तास अखंड चालू होती. या काळात ३६ लाख दशांश मोजले गेले व साचलेली चूक सु. ०·३४ सेकंद झाली. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत ती अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त अंतराची ठरली.

कालगणनेतही हाच प्रश्न आहे. अनेक संगणकांत वेळ ही १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांच्या संख्येने दर्शवितात. ही संख्या ३२ बिटांत द्विपूरक पद्धतीने ठेवल्यास तिची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७ होते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाण वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल आणि पुढच्या सेकंदाला अशा यंत्रणेतील तारीख १९०१ सालच्या डिसेंबरात जाईल. नव्या संगणकांत ६४ बिटांची संख्या वापरून ही अडचण दूर केलेली आहे. तथापि दीर्घकाळ न बदलता चालणाऱ्या उपकरणांची तपासणी त्याआधी होणे आवश्यक आहे.

या दोषांवर उपायही संख्यापद्धतीच्या ज्ञानातूनच निघाले. बिटांच्या रांगेला आणखी एक बिट जोडून त्यांतील १ ची संख्या नेहमी सम ठेवली, तर एखादा बिट बिघडल्याचे कळते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने तो बिट नेमका कोणता, हे ओळखून दुरुस्तही करता येते. पैशांच्या हिशोबात दहा पैसे म्हणजे रुपयाचा दशांश द्विमान पद्धतीने अचूक लिहिता येत नसल्याने रक्कम पूर्ण पैशांत ठेवणे किंवा दशमान अंक वेगवेगळे संकेतबद्ध करणे, असे मार्ग अनुसरतात. विद्युत् व इलेक्ट्रॉनीय अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ७५४ क्रमांकाच्या मानकात २००८ मध्ये दशमान रूपांचाही समावेश करण्यात आला.

टिफ्रॅकच्या १०,२४० बाइटांच्या तुलनेत ८ गिबीबाइट मुख्य स्मृती असलेल्या संगणकाची क्षमता सु. ८ लाख ३९ हजार पट भरते. परंतु ही वाढ कितीही झाली, तरी स्मृती सांत व संख्या अनंत हे नाते बदलत नाही. म्हणून कोणती राशी किती बिटांत ठेवावयाची, ती कोणत्या संकेताने वाचावयाची आणि ती मावेनाशी झाल्यास काय करावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी संगणकावर नसून त्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यावर असते.